डाव्या बाजूचा सिलिंडर

मामांच्या गोठ्यात ती सतरा वर्षं उभी होती. मागच्या सीटवर कडब्याच्या पेंढ्या, टाकीवर खताचं रिकामं पोतं, हँडलला अडकवलेली जनावरांची दावी. पोतं बाजूला केलं तेव्हा खालचा लाल रंग दिसला आणि मी तिथंच उकिडवी बसले. टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघे घासून रंग उडालेला होता. ती जागा माझ्या ओळखीची. लहानपणी मी मामांच्या पुढ्यात टाकीवर बसायचे, तेव्हा मामांचे गुडघे तिथंच असायचे.

"भंगारवाला दोनदा येऊन गेला," मामा म्हणाले. "पण द्यायला हात धजला नाही. न्यायची असंल तर ने बाळ. इंजिनाचं मात्र माझ्या हातनं वाटोळं झालंय, ते आधीच सांगतो."

हे शेवटचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. राजदूत ३५०, म्हणजे लोकांच्या तोंडची आरडी, मामांनी १९८८ साली कोल्हापुरात एकाकडून जुनी घेतली. १९९१ च्या मे महिन्यात मामी आणि ते गणपतीपुळ्याहून परत येत होते. साखरप्याच्या पुढं आंबा घाट चढताना गाडी एकदम जड झाली आणि मागचं चाक जागेवर धरलं. मामांनी क्लच दाबला म्हणून दोघं वाचली. पिस्टन सीझ झालं होतं, म्हणजे सिलिंडरमध्ये घट्ट अडकलं होतं. दुरुस्ती झाली, आठ महिन्यांत पुन्हा तेच. मग १९९४ मध्ये तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा मेस्त्रीनं एकच सांगितलं: गाडीत दोष नाही, तुम्ही ओढता फार. मामांना ते पटलं. त्यानंतर त्यांनी ती कधी साठच्या पुढं नेली नाही, आणि पुढं पुढं बाहेरच काढली नाही. रानातल्या कामाला मोपेड घेतली. ज्या माणसाच्या गाडीचा आवाज ऐकून गल्लीतली पोरं धावत बाहेर यायची, तो माणूस रस्त्याच्या कडेनं मोपेडवर जायला लागला. मला तेव्हाही ते बघवत नव्हतं.

आजच्या मुलांना या गाडीचं एवढं कौतुक का ते कळायचं नाही. जपानात यामाहानं आरडी ३५० आणली ती १९७३ साली. तिथं ती बंद होऊन वर्षं लोटली आणि मग १९८३ मध्ये फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं ती राजदूत ३५० म्हणून आपल्याकडे काढली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. पहिल्या, हाय टॉर्क गाड्यांची ताकद ३०.५ अश्वशक्ती. त्या काळची ३५० ची बुलेट अठराच्या आसपास होती, आणि साधी राजदूत १७५ तर दूधवाल्यांची गाडी. त्यात ही. पेट्रोल इतकं प्यायची की नंतर कंपनीनं ताकद २७ वर आणून लो टॉर्क काढली. जपानी गाडीला पुढं डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे आली ती दोन्हीकडे ड्रम घेऊन. एवढा वेग आणि ते ब्रेक, हे समीकरण चुकीचंच होतं आणि त्यापायी कितीतरी तरुण मुलं गेली. गाडीवर जीव असला तरी हे सांगायलाच हवं.

टेम्पोत घालून गाडी राजारामपुरीत घरी आणली. आमच्या जुन्या घराच्या जिन्याखाली आठ बाय दहाची मोकळी जागा आहे. तिथं एक ट्यूबलाइट लावली, जुन्या दारावर पत्रा मारून टेबल केलं, आणि सासूबाईंकडून लोणच्याच्या रिकाम्या बरण्या मागून घेतल्या. प्रत्येक बरणीवर चिकटपट्टी, त्यावर तारीख आणि नट-बोल्ट कुठले ते. मी बँकेत कर्जखाती तपासते. कागद क्रमानं लावल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, तीच सवय इथं कामाला आली.

पहिले आठ दिवस काहीच खोललं नाही. दोन्ही प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि वाट बघितली. नवव्या दिवशी किक हातानं दाबली तर सावकाश खाली गेली. इंजिन जाम नव्हतं.

मग स्क्रू. जपानी घडणीच्या या इंजिनाच्या बाजूच्या कव्हरांना फुलीचे स्क्रू असतात, पण त्यांची फुली आपल्या नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरच्या फुलीपेक्षा किंचित वेगळी. साधा ड्रायव्हर वर उचलला जातो आणि डोकं खातो. आधीच्या मेस्त्र्यांनी निम्म्या स्क्रूंची डोकी अशीच गुळगुळीत करून ठेवली होती, आणि तीन ठिकाणी छिन्नी मारून फिरवल्याच्या खुणा होत्या. हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला. एक स्क्रू निघायला एक संध्याकाळ लागली. आधी गरम करायचं, ऑइल सोडायचं, थांबायचं, एकच नेमका ठोका द्यायचा.

हेड काढलं तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर काळा कार्बन जमलेला होता. लाकडी चमच्याच्या कडेनं तो खरवडला. डाव्या पिस्टनवर आकडा उमटला: ७५. उजवा खरवडला: २५.

बराच वेळ मी ते दोन आकडे बघत बसले.

सिलिंडर झिजला किंवा ओरखडला की आतून बोअर मारून थोडा मोठा करतात आणि त्या मापाचं ओव्हरसाइज पिस्टन घालतात. पायऱ्या पाव-पाव मिलिमीटरच्या: २५, ५०, ७५ आणि शेवटी १००. म्हणजे उजव्या बाजूला एकदा बोअर झालं होतं, डाव्या बाजूला तीनदा. पहिल्या वेळी दोन्हीकडे, पुढच्या दोन वेळा फक्त डावीकडे. आता मला सांगा, मामा गाडी ओढत असतील तर ते काय फक्त डावा सिलिंडर ओढत होते? दोन्ही पिस्टनांना एकच रेस, एकच घाट, एकच ऊन. मग दर वेळी डावाच का पकडला?

टू-स्ट्रोक इंजिन दिसतं सोपं. चार-स्ट्रोकसारखे कॅम आणि व्हॉल्व्ह त्यात नसतात. पण त्याची एक अट फार कडक असते. पिस्टनच्या खाली क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली जाण्यानं फिरणारा दांडा असतो. त्याचा कप्पा हाच इंजिनाचा पंप. पिस्टन वर जाताना त्या कप्प्यात ओढ तयार होते, रीड व्हॉल्व्हच्या पातळ पोलादी पट्ट्या उघडतात, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन वर सिलिंडरमध्ये जातं. हा कप्पा हवाबंद नसेल तर मधूनच बाहेरची कोरडी हवा आत शिरते. तिच्यात पेट्रोल नाही, ऑइल नाही. मिश्रण पातळ होतं, पातळ मिश्रण जास्त गरम जळतं, ॲल्युमिनिअमचं पिस्टन बाहेरच्या बिडाच्या लायनरपेक्षा, म्हणजे सिलिंडरच्या अस्तरापेक्षा, जास्त फुगतं, आणि दोघांमध्ये केसाच्या जाडीपेक्षाही कमी असलेली फट संपते. मग चाक जागेवर धरतं.

आरडीला दोन सिलिंडर, म्हणून असे दोन कप्पे. क्रँकची टोकं जिथून बाहेर येतात तिथं रबरी कडं बसवून कप्पा हवाबंद करतात, ते कडं म्हणजे सील. उजवीकडचा क्रँक सील गिअर ऑइलच्या बाजूला उघडतो. तो गेला तर इंजिन गिअरचं ऑइल पितं आणि धूर ओकतं, कुणालाही दिसेल असं. डावीकडचा सील मात्र अल्टरनेटरच्या मागे लपलेला, आणि त्याच्या पलीकडे नुसती हवा. तो गेला तर धूर नाही, गळती नाही, काहीच दिसत नाही.

मी मामांना फोन लावला. "मामा, गाडी उभी असताना आपोआप रेस वाढायची का?"

"हां, वाढायची की. दसरा चौकात सिग्नलला थांबलो की आपसूक गुरगुरत वर चढायची. मेस्त्री म्हणला, केबल आखडली असंल. केबल बदलून पण बघितली."

सील गेल्याची ही जुनी खूण. बाहेरची हवा आत शिरली की आयडलिंग असंच चढतं. मामांनी ती मेस्त्रीला सांगितली होती, तीनदा सांगितली होती. मेस्त्रीनं फक्त कान बंद ठेवले होते.

तरी मला नुसत्या अंदाजावर इंजिन फोडायचं नव्हतं. या चाचणीला सहा पीएसआयच्या आसपास दाब द्यावा लागतो, जास्त दिला तर चांगले सीलही उचकटतात. घरात असा पंप कुठला? रात्री आईचं बीपी बघताना लक्षात आलं. बीपीच्या यंत्राचा काटा तीनशेपर्यंत जातो, आणि पाऱ्याचे तीनशे मिलिमीटर म्हणजे बरोबर सहाच्या जवळ. दंडाचा पट्टा काढला, फुगा आणि काटा ठेवला. सुताराकडून सागवानाचे चार गुट्टे तासून आणले, त्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले आणि दोन्ही सायलेन्सरची तोंडं आणि दोन्ही कार्ब्युरेटरची तोंडं बंद केली. एका गुट्ट्याला भोक पाडून त्यात बीपीची नळी. हेड परत बसवलं, प्लग घातले, अल्टरनेटरचा रोटर पुलर लावून ओढून काढला. क्रँकचा डावा शेंडा उघडा झाला.

फुगा दाबत काटा २८० पर्यंत नेला. हात थांबवला तसा काटा उतरायला लागला, डोळ्यांदेखत, वीस-वीसनं. आमच्या ह्यांनी टॉर्च धरली होती. मी कपड्याच्या साबणाचा फेस दाढीच्या ब्रशनं एकेका सांध्यावर लावत गेले. हेडला काही नाही. सिलिंडरच्या बुडाला काही नाही. रीडच्या जागी काही नाही. डाव्या क्रँकच्या शेंड्याभोवती ब्रश टेकवला आणि एक बुडबुडा फुगला. हरभऱ्याएवढा, मग बोराएवढा. फुटला. त्याच जागी दुसरा आला.

ह्यांनी विचारलं, "हेच का?" मला लगेच बोलता आलं नाही. बत्तीस वर्षांनी कुणीतरी मामांच्या बाजूनं साक्ष दिली होती.

पुढचं काम माझ्या एकटीच्या हातचं नव्हतं. आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर शिवाजी उद्यमनगर आहे. ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथ यांवर या गावानं नाव कमावलं, त्या गल्ल्यांमधून फिरताना आजही लोखंडाच्या किसाचा आणि कूलंटचा वास येतो. तिथल्या एका बोरिंगवाल्या काकांकडे मी इंजिन घेऊन गेले. पासष्टीचे, चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला. त्यांनी दोन्ही पिस्टन हातात घेऊन उलटसुलट केली.

"ताई, डावीकडं तीनदा बोअर मारलंय की हो. का मारतोय ते कुणी बघितलंच न्हाई वाटतं."

"नाही बघितलं, काका."

"आता शंभरचं घालायचं. ह्येच्या म्होरं बोअर न्हाई, लायनरच बदलाय लागंल. म्हणून आधी सील बघू."

इंजिनाचं केसिंग न उघडता जुना सील टोचून काढून नवा ठोकण्याची पद्धत आहे. आम्ही ती धरली नाही. आरडीचं केसिंग आडवं दोन भागांत उघडतं, खालचा अर्धा भाग उतरवला की क्रँक तसाच्या तसा दिसतो. काकांनी तो उचलून व्ही-ब्लॉकवर ठेवला, बारीकसा फरकही काट्यावर दाखवणारं डायल गेज लावलं आणि बोटानं सावकाश फिरवला. बेअरिंगांमध्ये खरखर होती. रॉडला खेळ होता. सगळं नवं घातलं, क्रँक दाबून पुन्हा जुळवला, आणि मग तो सरळ करण्याचं काम सुरू झालं. काका तांब्याच्या हातोडीनं एक ठोका देत, गेज बघत, पुन्हा एक ठोका. मधे बोलत नव्हते. दीड तासानं काटा जवळजवळ हलेनासा झाला तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि चहा मागवला. त्या दीड तासात मी जे पाहिलं त्याची किंमत बिलावरच्या आकड्यात मावणारी नाही, हे मी त्यांना तिथंच सांगितलं.

डावा सील मी मागून घेतला. दोन बोटांत मावेल एवढं काळं रबरी कडं. त्याची आतली ओठासारखी धार मऊ असायला हवी, क्रँकला बिलगून राहायला हवी. ती नखासारखी कडक झाली होती. धारेला आवळून धरणारी बारीक स्प्रिंग एका जागी गंजून तुटलेली. मी ते कागदात गुंडाळलं, वर तारीख घातली आणि वेगळ्या बरणीत ठेवलं.

बाकीची कामं वेळखाऊ होती, अवघड नव्हती. टाकीतला गंज काढायला आत मूठभर नट आणि व्हिनेगर टाकून चार दिवस हलवत राहायचं. कार्ब्युरेटरचे जेट जुन्या पेट्रोलच्या हिरव्या चिकटीनं बंद झालेले, ते तारेनं टोचायचे नाहीत, भिजवून फुंकून मोकळे करायचे. दोन्ही कार्ब्युरेटरच्या स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत, त्यासाठी त्यांच्याखाली एकाच मापाचे ड्रिलचे बिट ठेवून केबल जुळवायच्या. सायलेन्सरचे बॅफल कॉस्टिकच्या पाण्यात बुडवून वर्षानुवर्षांचा कार्बन सोडवला (कॉस्टिक ॲल्युमिनिअम खातं, तेव्हा इंजिनाचा एकही भाग त्या बादलीजवळ न्यायचा नाही). रीडच्या पट्ट्या आणि पिस्टनसाठी पुण्याला नाना पेठेत दोन खेपा झाल्या, आणि इग्निशनच्या पॉइंटचा, म्हणजे उघडले की ठिणगी पाडणाऱ्या टोकांचा, एक धड जोड बुधवारी जुन्या बाजारात एका ताडपत्रीवर मिळाला. टायमिंग मात्र घरीच लावलं. प्लगच्या भोकात डायल गेज, पिस्टन वरच्या टोकापासून सुमारे दोन मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडायला हवेत, आणि हे दोन्ही बाजूंना वेगवेगळं बघायचं.

रंगावरून घरात बरंच बोलणं झालं. इतका खर्च केलास, आता टाकी नवी कोरी करून घे, असं सगळ्यांचं म्हणणं. कोल्हापुरात चांगला रंग देणारे हात कमी नाहीत. मी नाही म्हटलं. आतलं सगळं यंत्राच्या मापानं नवं हवं होतं, शतांश मिलिमीटरपर्यंत. पण गुडघ्यांनी घासलेली ती जागा कुणी लांबी भरून झाकावी हे मला सहन होणार नव्हतं. टाकी धुतली, पुसली, मेण लावलं. नोंदणीची मुदत पाच वर्षांसाठी वाढवून घेताना आरटीओत तपासणी झाली तेव्हा साहेबांनी पुस्तकातला रंग आणि गाडीचा रंग ताडून पाहिला. पुस्तकात लाल. गाडी लाल.

गाडी सुरू झाली ती चौथ्या किकला. पांढऱ्या-निळ्या धुरानं जिना भरून गेला. हा धूर चांगला नाही, मला माहीत आहे. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येताना धुराचं दारही उघडंच असतं, त्यातून न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल बाहेर जातं. या गाड्या रस्त्यावरून गेल्या त्या काही उगाच नाही. म्हणून मी ती फक्त रविवारी पहाटे काढते, गावाबाहेर. पण त्या दिवशी मी कानांनी तेवढंच ऐकत होते. रेस सोडली की आवाज खाली येत होता आणि खालीच राहत होता. पाच मिनिटं मी ब्रेकवर हात ठेवून उभी राहिले. तो एकदाही आपोआप वर चढला नाही.

रनिंग-इनचे, म्हणजे नवे भाग एकमेकांत नीट बसेपर्यंत जपून चालवायचे, आठशे किलोमीटर पुरे झाल्याशिवाय मामांकडे जायचं नाही असं ठरवलं होतं. दर रविवारी पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत, जोतिबाच्या फाट्यापर्यंत, हळूहळू रेस वाढवत. दर खेपेनंतर दोन्ही प्लग काढून बघायचे. पातळ मिश्रण असेल तर प्लग पांढरट पडतो. आठशे किलोमीटरनंतर दोन्ही प्लग तळहातावर शेजारी ठेवले: भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग, डावा आणि उजवा सारखाच.

गोकुळ शिरगाव, कागल, मग मुरगूडच्या वाटेनं आत. मामा ओट्यावर उभेच होते. फाट्यावर वळले तेव्हाच आवाज पोचला होता म्हणाले. चहा झाल्यावर मी कागदाची पुडी उघडून ते काळं कडं त्यांच्या हातात दिलं, आणि ७५ चं पिस्टन, आणि २५ चं. सगळं सांगितलं, बुडबुड्यापर्यंत. मामांनी अंगठ्याच्या नखानं सीलची धार दाबली. तिचा तुकडा पडला. तो त्यांनी उचलून तळहातावर ठेवला.

"म्हंजे घाटात मी ओढली नव्हती," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"नाही मामा."

"तुझी मामी मागं बसली होती. मी कशाला ओढीन?"

मामी आतून पदराला हात पुसत आली आणि दारात थांबली. मामांनी कडं शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं, बटण लावलं. उठले, माझं हेल्मेट मागितलं. त्र्याहत्तर वर्षांच्या पायानं दुसऱ्या किकला गाडी सुरू केली.

"किती न्यावी?"

"तुम्हाला वाटेल तेवढी न्या. आता बंधन नाही."

गल्लीतून ते सावकाश गेले. कालव्याकडेला रस्ता सरळ आहे, दीड-दोन किलोमीटर, दोन्ही बाजूंना ऊस. मी आणि मामी ओट्यावर उभ्या राहून ऐकत होतो. दुसरा गिअर पडला, तिसरा. चौथ्यात आवाज जरा वेळ एकाच पट्टीत राहिला, साठच्या आसपास असावेत. मामीनं माझा दंड धरला. मग रेस उघडल्याचा आवाज आला, आणि पाचवा पडला.